परास्किवाचे बारा पूल

इलारिए बेरचा हा आमच्या दरीतला मयतांचा कॅमेरावाला. लग्नांना शहरातली पोरं ड्रोन घेऊन येत; मयत मात्र इलारिएचंच. अर्धं गाव इटलीत परक्यांची म्हातारी माणसं सांभाळतं आणि आपल्यांसाठी व्हिडिओवर रडतं.

सावेता तिकडेच होती. बाप गेला तेव्हा इलारिएचा व्हिडिओ इतका हिंदकळला, की बघताना तिला भडभडून उलटी झाली. कबर काही दिसली नाही. आता आई, परास्किवा, गेली आणि रजा पुन्हा नाही.

"इलारिएदादा, या खेपेला तरी मला कबरीपर्यंत चालत येऊ दे," ती फोनवर म्हणाली.

त्यानं जिंबल आणला. जिंबल कॅमेऱ्याचं डुलणं आवरतो, पण पावलागणिक येणारी उसळी माणसानं गुडघ्यांतच जिरवायची असते. म्हणून तो गुडघे वाकवून, आलुबुखाराच्या दारूचा काठोकाठ पेला धरून अंगणात चालायला लागला.

"परसाकडला निघालास की काय?" शेजारची डोम्निकामावशी कुंपणावरून म्हणाली. "अन् पेला भरलेलाच? तब्येत बरी आहे ना?"

कबरीच्या वाटेवर आमच्याकडे बारा पांढरी कापडं अंथरतात. ते मेलेल्याचे पूल. त्यांवरून आधी शवपेटी जायची. इलारिए पेटीपुढे उलटा चालत होता. कापड ओलांडायला पाय उचलला तर उसळी येणार. म्हणून गडी सरळ कापडांवरूनच सरकत गेला. बाराही. डोम्निकामावशीनं पाहिलं, पण प्रार्थना मोडायची कशी?

संध्याकाळी त्यानं व्हिडिओ लावला. पहिल्या पुलापर्यंत सायीसारखा. पुढे एक पाऊल सपाट, एक खाली. सपाट, खाली. संगणकावर उसळी पुसली. पुन्हा लावला तर होतीच. ही चाल गावात भिंतीपलीकडूनही ओळखू यायची. परास्किवाचा डावा खुबा अधू होता.

"तिचे पूल तू वापरलेस," व्हिडिओ पाहून डोम्निकामावशी म्हणाली. "मग ती जाणार कशावरून? राहिली तुझ्याच मागं. नवी कापडं घाल, अन् आता तिला पुढं जाऊ दे."

सकाळी दोघांनी बारा कापडं पुन्हा अंथरली. इलारिए कडेकडेनं मागून चालला. कॅमेऱ्यासमोर नुसती रिकामी वाट. व्हिडिओत बाराव्या कापडापर्यंत तीच उसळी होती, पुढं गेली. त्यानं दोन्ही व्हिडिओ सावेताला पाठवले.

"कबर पाहिली, दादा," तिचा फोन आला. आवाज रडून बसलेला. "दुसऱ्या व्हिडिओत आईच्या मागं मागं पोचले. फक्त एक सांग, दर कुंपणापाशी थांबत का होतास? ती दम खायची तसा?"

इलारिए वाटेत कुठंच थांबला नव्हता.