टोकियोतलं गाणं

नेवाशाच्या एसटीत माझ्याशेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. मुलाकडे आधी दिल्लीला आणि मग टोकियोला राहून आल्या होत्या. मी पुण्यापलीकडे कधी गेले नाही, त्यामुळे आतून जळले.

"दिल्ली अंगावर धावून येती," पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या. "टोकियोत त्याहून लई मानसं, पर समदी गप."

"मग करमलं का?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

"लई! तिथं मला कुनी वळखत न्हवतं. भर रस्त्यात मोठ्यांदा गानी म्हनायची मी."

"कुठलं गाणं? म्हणा ना."

त्यांनी गाडीभर नजर फिरवली आणि तोंडाला पदर लावला. "हितं? समदी वळखीची हायेत."

त्या उतरून गेल्या, पण माझा हेवा गेला नाही. त्या निदान टोकियोत तरी गायल्या होत्या.