काठ उसवून बघा

"चेहरा नको. नुसते हात घ्या."

मालकाचा मुलगा फोटो काढणाऱ्याला हे सांगत होता. मी मागावर बसलो होतो. वय सत्तर. त्यानं दोन बोटांनी माझी मान बाजूला सारली, खुर्ची सरकवावी तशी. "काका, तोंड आलं की सगळी शान जाते." मग मला उठवलं आणि रेशमी कुर्ता घालून स्वतः माझ्या जागी बसला. हिमरू शालीचा एक धागा त्याला टाकता येत नाही. दुकानाच्या नव्या वेबसाइटवर चेहरा त्याचा, हात माझे.

मी बाजूला झालो. अशा खोट्याला साथ द्यायची मला सवय होती. ती आधी सांगतो.

वेरूळहून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आमच्या दुकानाशी थांबत. दारातच माझा माग, त्यामागं काचेत एक जुनी शाल. तीस वर्षं मी तिच्याकडं बोट दाखवून सांगितलं, "ही मालकांच्या वडिलांनी स्वतः विणली." खोटं. ती माझे उस्ताद रशीदचाचा यांनी विणली होती. देवगाव रंगारीहून आलेल्या मला धागा धरायला त्यांनीच शिकवलं. एकदा मी हे बोलत असताना ते मागंच उभे होते. पर्यटक गेल्यावर एवढंच म्हणाले, "मेरे सामने नक्को बोल, बेटा."

त्यानंतर त्यांच्यासमोर बोललो नाही. पाठीमागं बोलत राहिलो. ते वारले, तरी बोलत राहिलो.

परवा वेबसाइट बघायला सगळ्यांना बोलावलं. ती बनवणारी मुलगी म्हणाली, "होमपेज म्हणजे दुकानाचं दार. पहिल्या नजरेत कळायला हवं, तुम्ही कोण, काय करता, भरवसा का ठेवायचा." पडद्यावर काचेतली शाल आली, भलीमोठी. वर ओळ: 'चार पिढ्या, आमच्याच हातांनी.'

मुलीनं शालीचा काठ मोठा केला. "हे तीन जांभळे धागे कसले? नक्षीत तर कुठं नाहीत."

"डाग असेल," मालकाचा मुलगा म्हणाला. "पुसून टाक."

डाग नव्हता. त्याच्याच आजोबांचा नियम होता. शाल संपवताना प्रत्येक कारागिरानं आपल्या रंगाचे तीन धागे टाकायचे. माल खराब निघाला तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते कळावं म्हणून. काठ दुमडून शिवला की धागे आत जातात. काचेतली शाल शिवलेलीच नव्हती. माझा रंग हिरवा. जांभळा रशीदचाचांचा. त्या आजोबांना रंगच नव्हता. ते कधी मागावर बसलेच नाहीत.

मी उभा राहिलो. "पुसायचं नाय. ते माझ्या उस्तादाचं नाव हाय."

"काका, आत जा, चहा घ्या. रविवारी हातांचा व्हिडिओ करायचाय."

"हात मिळणार नाय."

तो हसला. "या वयात कुठं जाणार?"

तिथून निघालो आणि शहरातल्या छावणी भागात गेलो. रशीदचाचांची नात रुखसाना तिथं कॉम्प्युटर शिकवते. उंबऱ्यातच तिला सगळं सांगितलं. तिनं 'बसा' म्हटलं नाही. "दादाजान शेवटपर्यंत म्हणायचे, तो एक दिवस खरं बोलेल. लई उशीर केलात." मग आम्हा कारागिरांची वेगळी वेबसाइट करायला कॉम्प्युटर उघडला. "बोला. सगळ्यात वर काय लिहू?"

सगळ्यात वर माझा चेहरा, पूर्ण. त्याखाली: 'मी तीस वर्षं खोटं बोललो. काचेतली शाल रशीदचाचांनी विणली.' मग एकेका कारागिराचा रंग आणि नाव. आणि शेवटी एकच बटण: 'तुमच्या शालीचा काठ उसवून बघा. रंग कळवा.'

पडद्यावरचे धागे तो पुसेल. पुसू दे. आम्ही विणलेल्या हजारो शाली लोकांच्या कपाटांत आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात आमची साक्ष आहे. तिथं त्याचा हात पोचत नाही.

रुखसानानं मला माफ केलेलं नाही. मी मागितलीही नाही माफी. त्याच्या वेबसाइटच्या दारावरची 'आमच्याच हातांनी' ही ओळ त्यानं स्वतःच्या हातानं खाली उतरवलेली मला बघायची आहे. ते बघितल्याशिवाय मी मरणार नाही.