मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून

“जिच्या तोंडून साधा सलाम निघत न्हाई, ती काय वर्ग घेनार बाई!” चर्चच्या व्हरांड्यात रूथमावशी कुणाला तरी सांगत होत्या. ‘ती’ म्हणजे मी. खांबाच्या पलीकडेच उभी होते... सॅम्युअल सरांच्या दफनाला काही आठवडे झाले होते आणि त्यांचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे उपासनेनंतरच्या बैठकीत ठरणार होतं.

सर परभणीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मी शाळेत असताना त्यांच्या वर्गात आले आणि पुढे पेन्सिली तासून द्यायला तिथेच राहिले. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, मुलं हसतील म्हणून मी गप्प असायची. सरांनी मला कधी बोलायला लावलं नाही.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर कसं दाखवायचं ते, सर चर्चमध्येच शिकवत. बाकांच्या रांगा पुढे जाताना जवळ येतात, त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळतात. वर्गातली मुलं कुठेही बसलेली असोत, त्या सगळ्या रेषा ओढून वेदीमागच्या क्रूसावर नेत. एकदा सरांनी छोट्या आशिषला विचारलं, “रेषा क्रूसावर कशाला नेल्यास रे?”

“दुसरीकडं नेलं तर देव रागवंल की.”

“न्हाई रागवत. तू बसलास खिडकीपाशी अन् काढायलास मधल्या वाटेवरून. तुला दिसायलंय तेच काढ.”

मग ते बाकाशेजारी गुडघे टेकत, आपले डोळे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणत आणि तिथून चित्र तपासत. उभ्यानं त्यांनी कधी कुणाची रेषा पुसली नाही. प्रार्थनेला टेकल्यासारखे दिसत, म्हणून मुलं खिदळत, “सर, आमेन म्हना!”

“आमेन. आता उठवा मला.”

पुढे पुढे त्यांना मीच उठवायची. नंतर दवाखाने, सलाइन, बाहेरच्या बाकड्यावर वाट पाहणं... ते गेले त्या दिवशी मला रडू आलं नाही, नुसती झोप येत होती. अजूनही येते.

बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, “मोठ्यानं शिकवणारं कुणी मिळेपर्यंत वर्ग बंद ठेवू.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून उभी राहिले.

“वर्ग मी घेते,” मी म्हणाले. “त्याला मोठा आवाज लागत नाही. पोरांशेजारी खाली बसावं लागतं.”