माधूला आणायला विजेच्या गाडीनं

जालन्यातून निघताना हे मला म्हणाले, "अगं, सुरू कर की." गाडी तोवर फाटकाबाहेर पडलीसुद्धा होती.

ती विजेची गाडी आमची नव्हती. माझ्या शाळेतल्या देशमुखबाईंना ती विकायची होती. आमची डिझेलची गाडी म्हातारी झालेली. दर महिन्याला गॅरेज आणि रोजचं डिझेल. मला ही घ्यायचीच होती, ह्यांचा साफ विरोध. "बॅटरी बसली की नव्या बॅटरीच्या पैशात दुसरी गाडी येईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी बाईच म्हणाल्या, "रविवारी घेऊन जा, लांबवर चालवा, मग ठरवा." त्याच रविवारी आम्हाला आमच्या मुलीला, माधूला, बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं. तिचं सासर परतूरच्या पुढं एका गावात. ह्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मीच चालवणार होते.

चैत्राचं ऊन सकाळीच तापलं होतं. दोन्हीकडं उघडी काळी रानं, मधेच एखादी मोसंबीची हिरवी बाग. गाडी इतकी गुपचूप चालत होती की एका वळणावर शेळ्यांमागं चाललेल्या आजोबांना आम्ही आल्याचं कळलंच नाही. मी हॉर्न दिला तसे ते दचकले आणि काठी उगारून म्हणाले, "जरा आवाज करत जावा की बाई!" मी हात जोडले. त्यानंतर माणूस दिसला की मी लांबूनच हॉर्न देत राहिले.

व्याह्यांच्या दारात पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त चार्जिंग संपलं होतं. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते, हा बाईंनी सांगितलेला हिशेब थंडीतला असावा; आम्ही एसी जोरात लावून आलो होतो. ह्यांचं लक्ष जायच्या आत मी ओसरीवरच्या प्लगला वायर लावली, तर चार्जरवर लाल दिवा.

व्याही म्हणाले, "अर्थिंग बराबर न्हाई लागून राह्यली. थांबा, तिच्या खड्ड्यात मिठाचं पाणी सोडतो." त्यांनी घागरभर पाणी ओतलं, आणि दिवा हिरवा झाला. आम्ही जेवायला बसलो. विहीणबाईंनी येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी) आणि बाजरीची भाकरी केली होती. दुसरी भाकरी ताटात पडते न पडते तोच पंखा थांबला. वीज गेली.

"आता कवा येईल, काय सांगावं," व्याही ओशाळून म्हणाले. "आमचा टेम्पो करून देऊ का?"

टेम्पोत माधूला बसवायची माझी तयारी नव्हती. थोडा वेळ वाट पाहून, वाटेत पंपावर चार्जिंग मिळेल या भरवशावर आम्ही निघालो. निघताना विहीणबाईंनी लेकीसारखी तिची पाठ कुरवाळली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ताई, हळू न्या. हिला खड्डा सोसत न्हाई."

मी हळू नेत होते, आणि एसी बंद ठेवला होता. माधू मागं उशीला टेकून गप्प होती. आरशात तिचा चेहरा लालबुंद दिसायला लागला. हे म्हणाले, "एसी लाव." मी म्हणाले, "मग घरी पोचणार नाही." हे मागं वळून माधूला रुमालानं वारा घालायला लागले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी एसी लावला.

वाटूरच्या फाट्याअलीकडं एका पंपावर चार्जिंगची मशीन होती, पण तिच्यावर "बंद" असा पुठ्ठा लावलेला. मग फाट्यावरच्या एका हॉटेलासमोर गाडी थांबवली. मालक नासिरभाई गल्ल्यावर बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी गाडीकडं पाहिलं न पाहिलं तोच त्यांची नजर माधूवर गेली.

"गाडीचं बघू मंग. पहले बेटीला आत न्या." मागंच त्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोनं, रुखसानाभाभींनी, कूलरसमोरची खाट मोकळी करून माधूला आडवं केलं. इकडं डीप फ्रीजच्या प्लगला आमची वायर लागली. दिवा हिरवा झाला. फ्रीजमधलं दूध नासिरभाईंनी बर्फाच्या डब्यात हलवलं.

"तुमचा धंदा अडला," हे म्हणाले.

"अडत न्हाई साहेब. दिवसभर कोणाची ना कोणाची गाडी बंद पडूनच माझं हॉटेल चालतं!"

दोन तास आम्ही तिथं होतो. भाभींनी माधूच्या पायांना तेल लावलं, स्वतःच्या तिन्ही बाळंतपणांच्या गोष्टी सांगितल्या, आणि माधू, जी सासरहून निघाल्यापासून गप्प होती, ती बोलायला लागली. तिला फार भीती वाटत होती. हे तिनं मला फोनवर एकदाही सांगितलं नव्हतं. भाभींनी तिचा हात धरून ठेवला. मी दुसरा धरला.

निघताना नासिरभाई विजेचे पैसे घेईनात. चहाचे घेतले.

पुढचा रस्ता सोपा गेला. एसी चालू होता, इंजिनाची थरथर नव्हती. माधू झोपली ती जालना येईपर्यंत उठली नाही. ह्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या गाडीत ही झोपली असती का?"

घरी आल्यावर मीच विचारात पडले. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक बल्ब आहे, प्लग नाही. माधूला कोणत्या घटकेला दवाखान्यात न्यावं लागेल, सांगता येत नाही, आणि तेव्हा गाडीच्या बॅटरीत काही नसेल तर? रोज शाळेत जाण्यायेण्याला ही गाडी सोन्यासारखी. पण सध्या चार्जिंगसाठी थांबायला आमच्या घरात कोणालाच वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी किल्ली परत देताना मी देशमुखबाईंना नाही म्हटलं. बाईंना वाईट वाटलं. मला त्यांच्याहून जास्त.

संध्याकाळी शाळेतून आले तर हे पार्किंगमध्ये वायरमनबरोबर उभे. आमच्या मीटरपासून खांबापर्यंत दोघं टेप धरून मापं घेत होते.

"अहो, मी नाही म्हणून आले त्यांना."

"सध्या नाही म्हटलंस ना?" टेप न सोडता हे म्हणाले. "बाळ घरी येऊ दे. तोवर प्लग तर बसवून ठेवू."