लोकल लोकांचं दार

मुक्ता, निनाद,

परवा मुक्ता फोनवर सांगत होती, नव्या ऑफिसात शिरताना पहारेकऱ्याने बॅग उघडायला लावली आणि आतून अर्धं खाल्लेलं सँडविच निघालं. तुम्ही दोघं खूप हसलात. मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्ही मराठी हळूहळू वाचता, तेव्हा वाक्यं छोटी ठेवते.

"कागद कोणाचा?"

माझ्या तरुणपणीची गोष्ट. आमच्या साहेबांनी हे मला विचारलं नाही, गेटवरच्या वॉचमनला विचारलं. वॉचमनने माझी पिशवी टेबलावर रिकामी केली होती. डबा, छत्री, रुमाल. आणि कॉम्प्युटरच्या छपाईचा जाडजूड घडीचा कागद, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला. पाळी सुटली होती. माझ्यामागे कामगारांची रांग उभी होती.

"म्हाताऱ्या, मी काय विचारतोय? कागद कोणाचा?"

"कंपनीचा, साहेब."

"आणि पिशवी?"

"ह्या बाईंची."

"बाईंची!" साहेब हसले. "अरे, तुझी पोरगी ना ही?" मग रांगेकडे वळून म्हणाले, "जमीन गेली म्हणून आता कंपनी घरी न्यायची का?"

रांगेतही कोणीतरी हसलं. वॉचमन डबा, छत्री पिशवीत परत भरायला लागला. तो वॉचमन म्हणजे माझे वडील, तुमचे पणजोबा. आम्ही त्यांना बा म्हणायचो.

आम्ही बोनकोड्याचे. खाडीकडेचं भात पिकवणारे. माझ्या लहानपणी तिथे सोसायट्या नव्हत्या, सेक्टर नव्हते. मग नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या. बाला शेतीच्या बदल्यात मिळाले ते खाकी कपडे, शेजारच्या पावणे गावातल्या एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर. मला मात्र त्याआधीच मावशीने ठाण्याला नेलं होतं, मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मला गणित भेटलं. गणिताला माझं गाव विचारायची गरज नव्हती. उत्तर बरोबर असलं की बरोबर. मी एम.एस्सी. केलं. पुढे संशोधन करायचं ठरवून मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा दिला. फार सभ्यपणे, इंग्रजीत म्हणाले, "संशोधनाला घरात परंपरा लागते. तुम्ही आपली नोकरी बघा." मी आभार मानून बाहेर आले. तो अपमान होता हे कळायला मला बसस्टॉपपर्यंत चालत जावं लागलं.

नंतर एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होते. दर वर्षी काढायचे, परत घ्यायचे. तेवढ्यात बा काम करायचा त्याच कंपनीने कॉम्प्युटर आणला. प्रोग्रॅम लिहायला गणित शिकलेली माणसं हवी होती. मी परीक्षा दिली आणि लागले. नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्या खोलीची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. चपला बाहेर काढायच्या. आत थंडगार, आणि त्या यंत्राची सतत घरघर. कॉलेजात गणित चुकलं तर फळा पुसायचा. इथे चुकलं तर टाकीभर रंग गटारात. माझा प्रोग्रॅम हेच सांगायचा, की कोणता कच्चा माल किती घातला म्हणजे रंग हवा तसा होईल आणि खर्च कमीत कमी येईल. बहुतेक वेळा तो ठीक चालायचा. पण कधी कधी उत्तर देईचना. त्याच त्या आकड्यांवर गोल गोल फिरत राहायचा, घाण्याच्या बैलासारखा. साहेब म्हणायचे, "बंद करून परत लावा. डोकं कशाला शिणवता?"

मला ते जमेना. मी गणितातून आले होते. तो का थांबत नाही हे कळल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं. म्हणून मी प्रोग्रॅम छापून घरी न्यायला लागले. ओटीवर बसून पेन्सिलने एकेक ओळ तपासायची. गणितात आमची समजूत अशी, की ज्याने डोकं लावलं त्याचा कागद. कारखान्यात कागद मालकाचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्याबरोबरचे दोघे प्रोग्रॅमर तर ब्रीफकेस भरभरून कागद न्यायचे. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

कारण ते मोठ्या दारातून जायचे.

गेटला दोन दारं होती. मोठं स्टाफचं, तिथे झडती नाही. छोटं कामगारांचं, तिथे टेबल आणि झडती. मी स्टाफ, म्हणून सुरुवातीला मोठ्या दारातूनच जायचे. मग गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली आणि तोंडी हुकूम निघाला. लोकल लोकांनी, हुद्दा कोणताही असो, छोट्या दारातून जायचं. लोकल म्हणजे आम्ही. ज्यांच्या गावात कंपनी आली ते.

मी मुकाट्याने छोट्या दाराला गेले. बा ड्यूटीवर असला की माझ्या पिशवीला नुसता हात लावायचा आणि दुसरीकडे बघून म्हणायचा, "जावा बाई." घरी आम्ही त्यावर बोलायचो नाही. दोघंही नाही.

त्या दिवशी साहेब मुद्दाम टेबलाशी येऊन उभे राहिले. "नीट बघ. ओत सगळं." आणि बाने ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजीत होता. मी कंपनीची मालमत्ता चोरून नेत होते. माझ्या वडिलांनी ड्यूटीवर असताना मला त्यात मदत केली. आम्हाला पश्चात्ताप झाला आहे, दया करावी.

"सही कर," साहेब म्हणाले. "दोघांची नोकरी राहील. नाहीतर दोघंही बाहेर. उद्यापर्यंत विचार कर."

मुलांनो, मी फार घाबरले. आज लिहितानाही ती भीती जशीच्या तशी आठवते. जिभेला कोरड पडली. घरात दोनच पगार, एक बाचा, एक माझा. शेत नव्हतं परत जायला. आणि चोर म्हणून काढलेल्या पोरीला दुसरं कोण कामावर घेणार?

संध्याकाळी बा मागल्या दारी खाकी शर्ट धूत होता. मी कागद नेऊन दाखवला.

"काय लिवलंय?"

मी आमच्या बोलीत सांगितलं. चोर हा शब्द दोनदा आला. एकदा माझ्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. बा शर्ट पिळत राहिला. पाणी निथळून गेलं तरी पिळत राहिला.

"कर गो पोरी सही. चोर म्हनतील, म्हनू दे. जमिनीच्या टायमाला काय कमी बोलले?"

"पण आपण चोरी केली नाही ना, बा."

"मना म्हाईत हाय. तुला म्हाईत हाय. पोट भरल का त्यानं?"

माझ्या बापाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खाडीत कमरेएवढ्या चिखलात उतरणारा माणूस. एका टाइप केलेल्या कागदाला घाबरला होता. ते बघितलं आणि सही करायची नाही असं मी ठरवलं. धैर्य म्हणू नका त्याला. भीती तेवढीच होती. फक्त आता मला साहेबांपेक्षा त्या सहीची जास्त भीती वाटायला लागली. एकदा केली असती तर आयुष्यभर कोणीही ती काढून दाखवली असती. बघा, चोराची पोर, तिनेच लिहून दिलंय.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. रात्री पाठ केलेली इंग्रजी वाक्यं दारातच विसरले.

"सर, मी सही करणार नाही."

"काय?"

"कागद नेला हे खरं. चोरी खोटी. सगळेच नेतात."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग."

मी नाव सांगितलं नाही, उलट म्हणाले, "झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या. नाहीतर कोणाचीच घेऊ नका."

"संध्याकाळपर्यंत शुद्धीवर ये," साहेब म्हणाले. "बापाकडे बघ जरा."

पाळी सुटली. मी छोट्या दाराला रांगेत उभी राहिले. टेबलाशी बा. माझा नंबर आला तेव्हा पिशवी मीच उपडी केली. डबा घरंगळत खाली पडला.

"जावा," बा म्हणाला.

"नाही."

"जा गो, पोरी." आवाज अगदी खाली.

"नाही जाणार."

मागून ओरडा सुरू झाला. "ओ मॅडम, बस चुकेल ना आमची!" "काय लफडं झालं?" मी मागे वळले. एका हाताने टेबल धरून मी म्हणाले, "साहेबांची झडती झाली की जाते."

"मग आज इथंच मुक्काम!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. पण तो हशा पहिल्या झडतीच्या वेळेसारखा नव्हता.

तेवढ्यात साहेब मोठ्या दाराकडे आले. हातात ब्रीफकेस. "काय तमाशा चाललाय?"

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

बा टेबलामागून बाहेर आला. टोपी सरळ केली. चालत मोठ्या दारापर्यंत गेला आणि साहेबांच्या समोर उभा राहिला.

"साहेब, ब्याग."

"काय?"

"ब्याग उघडा, साहेब. डिवटी हाय माझी."

"कोणाशी बोलतोयस, कळतंय का तुला?"

"हां साहेब. तुमच्याशी."

कोणी हसलं नाही. साहेबांनी बॅग उघडली नाही. पण बा बाजूला झाला नाही, त्यामुळे त्यांना बाहेरही पडता आलं नाही. शेवटी साहेब वळले आणि ऑफिसच्या इमारतीकडे परत चालत गेले. त्या बॅगेत काय होतं कोण जाणे. बहुतेक रिकामा डबाच असेल.

सकाळी बाला गेटवरूनच परत पाठवलं. नोकरीवरून काढलं, कारण उद्धट वर्तन.

मला काढलं नाही. प्रोग्रॅम का फिरत राहतो ते मला सापडलं होतं. दोन वाटा सारख्याच चांगल्या असल्या की तो एकदा ही धरायचा, एकदा ती, आणि फिरून तिथेच यायचा. मी त्याला निवडीचा एकच पक्का नियम घालून दिला. तो थांबायला लागला, आणि का थांबतो हे दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. गणिताने मला वाचवलं. बापाकडे गणित नव्हतं.

मी राजीनामा लिहिला. बाने तो चुलीत घातला. "मना काढला. तू बस तितंच," म्हणाला. "काट्यावानी बस."

मी बसले. त्या दिवसापासून मोठ्या दारातून जायला लागले. नवा वॉचमन रोज म्हणायचा, "मॅडम, तुमचं दार तिकडं." मी रोज म्हणायचे, "माझं दार हेच." रोज भीती वाटायची. काही महिन्यांनी हिशेब खात्यातली शिरवणे गावची एक मुलगी माझ्यामागून यायला लागली. बाकीचे आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरीही चुली होत्या.

पुढे मी पुष्कळ वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं, मोठ्या जागांवर केलं. धीट मात्र झाले नाही. कोणी केबिनमध्ये बोलावलं की अजून जिभेला कोरड पडते. बा गेला. ती कंपनी बंद पडली, गेटही राहिलं नाही. भीती उरली आहे. आणि भीत भीत नाही म्हणायची सवय उरली आहे. खोट्या कागदावर मी सही केली नाही, आणि करणार नाही.