डाव्या कानातले दाजी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो विचारायचा, "आधीचं बरं, की आत्ताचं?" माणसं घामाघूम व्हायची. एका आजोबांनी तर "तुम्ही म्हणाल ते" म्हणून सुटका करून घेतली होती. संध्याकाळी मात्र त्याचीच पाळी यायची.

तो हेवी मेटल बँडचा ड्रमर. बँडमध्ये गिटारवाले दोन, आणि नशीब असं की एक बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, तर दुसरा बायकोचा भाऊ. सोलो संपला की दोघंही मान वळवून याच्याकडे बघायचे. दाजींना दाद कमी पडली तर बहिणीचा फोन. मेहुण्याला कमी पडली तर फोनचीही गरज नाही, बायको घरातच.

मेहुण्याचं वाजवणं म्हणजे स्टीलच्या ताटात ओतलेले वाटाणे. एका दमात शेकडो सूर, एकही दुसऱ्याला वाट देत नाही. दाजी एकच सूर धरायचे, तार बोटानं वर ढकलत न्यायचे, आणि चेहरा असा, जणू जिन्यावरून कपाट चढवतायत. कपाट वर पोचलं की तोंड मिटायचं.

हा चेहराच त्याचा आधार होता. वीस वर्षं डाव्या हाताशी झांजा वाजवून त्याचा डावा कान पार गेला होता. पूर्वी आवाजच इतका असायचा की एक कान पुरून उरायचा. पण सरावाच्या खोलीखाली लाँड्री. तिथून तक्रार आली आणि दोन वर्षांपूर्वी सगळे हेडफोन लावून वाजवायला लागले. ड्रमच्या जागी रबराच्या थाळ्या. बघणाऱ्याला वाटावं, चार माणसं मुक्यानं भांडतायत. हेडफोनमध्ये गिटारी दोन कानांत वाटलेल्या, उजव्यात मेहुणा, डाव्यात दाजी. म्हणजे दोन वर्षं दाजी ऐकूच आले नव्हते. त्यांचं तोंड मिटलं की हा झांजेच्या थाळीवर जोरात हाणायचा, आणि दाजी गहिवरायचे, "तुला कळतं रे माझं वाजवणं!"

सांगायची सोय नव्हती. आधीच्या बेसवाल्यानं मनगट दुखतं एवढंच म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या स्टुलावर दुसराच. ड्रमवरून उठवलं तर याच्याकडे उरणार काय? भिंगं.

मग स्पर्धेचं गाणं आलं. त्यात जागा एकाच सोलोला.

"भावोजी ठरवतील," मेहुणा म्हणाला.

"ठरव बाबा, घरचा माणूस आहेस," दाजी म्हणाले.

"कुणाच्या घरचा?" बेसवाल्यानं विचारलं आणि एकटाच हसला.

ड्रमर दाराकडे बघत होता, पण दाराला टेकून मेहुणाच उभा. शिवाय मेहुण्याला वशिल्याची शंका. त्यानं याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि कोण कुठल्या कानात ते कळू नये म्हणून हेडफोन उलटे चढवले.

भिंतीला ओल होती. तिच्याकडे बघत असताना उजव्या कानात एक सूर उठला. हळूहळू वर गेला, थरथरला, पडतोय असं वाटलं आणि पडला नाही. अरे, हे दाजी! इतकं सुंदर वाजवतात हे? आणि आपण माणसाच्या दातांकडे बघत बसलो!

मग शांतता. त्यानं वाट पाहिली. बरीच पाहिली. शेवटी न वळताच म्हणाला, "झकास. हं, आता दुसरा वाजवा."

खांद्यावर हात पडला. तो स्टुलावरच वळला. मेहुणा घामानं निथळत होता.

"माझं वाजवून झालं, भावोजी."

दाजींनी हेडफोन काढून त्याच्या डाव्या कानाशी चुटकी वाजवली. मग उजव्या. "कधीपासून?"

"हेडफोन आल्यापासून तुम्ही नुसते दिसता."

दाजी मटकन खुर्चीत बसले. "मग ती झांज?"

"तुमच्या तोंडावरून."

आता ड्रमवरून उठायला सांगणार. पण जरा हायसंही वाटलं, निदान निकाल तरी टळला. मेहुण्यानं मात्र हेडफोन सुलटे करून त्याच्या डोक्यावर घट्ट दाबले.

"तुमच्या कानाचं नंतर बघू. आधी माझा ऐका."

उजव्या कानात वाटाणे ओतले गेले. एवढ्या घाईत एकही ताटाबाहेर गेला नाही. तेही सुंदर होतं, हीच पंचाईत. मग दोघं पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यानं स्टूल मागे सरकवलं, तर पाठीला ओली भिंत लागली.

"बोला भावोजी," मेहुणा म्हणाला. "आधीचं बरं, की आत्ताचं?"