हॅलोबाईची न मिटलेली तक्रार

तिला आम्ही हॅलोबाई म्हणायचो, कारण पाठीवर हात ठेवला तरी ती "हॅलो, बोला" म्हणतच वळायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार-खोलीत तिची खुर्ची खिडकीकडची आणि माझी तिच्या शेजारची. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतल्या बटणावरून फोन आमच्याकडे यायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाशी बोलत राहणं हे तिचं काम. माणसं रडायची, ओरडायची, आमच्या आईबापांचा उद्धार करायची. ती दमलेल्या, एकसुरी आवाजात म्हणायची, "हो ना. येतोय माणूस. तुम्ही खाली बसा बघू." आणि माणसं बसायची. हेच करता करता तिचे केस पिकले. माझा पारा पहिल्याच शिवीला चढायचा, म्हणून मला नोंदी करायला बसवलं होतं.

घरी तिचा नवरा. जन्मभर बसचा कंडक्टर. अर्धांगाचा झटका आला त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी सासरी, लांब. दुपारी शेजारीण ताट ठेवून जायची, बाकी तो आणि चार भिंती. जेवणाच्या सुट्टीत हॅलोबाई टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावायची. बोलायची हीच. तिकडून तो तिकिटं टोचायचा जुना पंच रिसिव्हरवर आपटायचा. हिशेब बसमधलाच: एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन टकटक ऐकू आल्या की ही डबा उघडायची. एक कधी आलीच नव्हती. "आली तर माझं काही खरं नाही," ती म्हणायची.

मग साहेबांना सुधारणेची हुक्की आली. नवीन सॉफ्टवेअर बसवायला एक माणूस आला आणि मुक्कामालाच राहिला. त्याला चहा वेगळा, पंखा वेगळा, म्हणून त्याचं नाव पडलं जावई. बिचारा आमच्याहून दमलेला दिसायचा.

"तक्रार आली की पुढचं सगळं आपोआप," जावई म्हणाला. "मेकॅनिकला फोन आपोआप, ग्राहकाला फोन आपोआप."

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"लॉगिन," तो म्हणाला.

टेबलावरचे फोन गेले. फोन आता कॉम्प्युटरच्या पोटात, आणि तो उघडायचा आपापल्या नावाने आणि पासवर्डने. तक्रार नोंदवलेली नसेल तर नंबर लागायचाच नाही. मोबाईल दाराशी खणात ठेवायचे. शिवाय पडद्याला थोडा वेळ हात लावला नाही की तो विचारायचा, "आपण जागेवर आहात का?" हो दाबलं नाही की बाहेर, आणि गैरहजेरी लागली. बाकीच्या मला म्हणायच्या, जरा हात धुऊन येते, माझं हो दाब. मी ठणकावून सांगितलं, "मी कुणाची हजेरी लावणार नाही. ज्याचं त्याने बघा."

हॅलोबाईचा घरचा फोन बंद झाला. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "एकीला बोट दिलं की बाकीच्या हात धरतील." ती परत आली आणि डबा न उघडताच पिशवीत ठेवला. "नुसत्या दोन टकटक गं," ती म्हणाली. "त्याच्यापलीकडे काय मागितलं मी?" मला साहेबांचा इतका राग आला, पण राग गिळून नोंदी करत बसले.

काही दिवसांनी सहज तिच्या पडद्याकडे नजर गेली. ती तक्रार नोंदवत होती: लिफ्ट अडकली आहे. पत्ता तिच्या स्वतःच्या घराचा. बैठं घर, वर पत्रे.

"अगं, हे काय?"

"अडकलाय की तो," ती मान वर न करता म्हणाली. फोन लागला. दोन टकटक आल्या आणि तिने डबा उघडला.

पण यंत्र कुठलं गप्प बसायला! तक्रार उघडी दिसली की ते रोज स्वतःच ग्राहकाला फोन करायचं: तक्रार दूर झाली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. पलीकडे जन्माचा कंडक्टर. सगळं ठीक आहे, म्हणजे दोन. त्याने दोन दाबलं. यंत्राने मेकॅनिक पाठवला. मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन गेला, पत्र्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पाणी पिऊन परत आला. दुसऱ्या दिवशी दुसरा गेला. शेवटी यंत्राने थेट साहेबांनाच फोन लावला, तोही त्यांच्या ऐन जेवणात.

साहेब खोलीत आले ते भडकूनच. "बंद करा ती तक्रार!"

जावयाने डोळे चोळले. "नाही होणार. ग्राहकाने एक दाबल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, हा नियम तुम्हीच घालायला लावलात. फार तर मेकॅनिक पाठवणं थांबवतो."

साहेबांनी हॅलोबाईकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. त्यांचाही जीव मेटाकुटीला आला असावा. "मग मरू दे," म्हणाले आणि गेले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती एक तक्रार कायम लाल राहिली, आणि हॅलोबाई रोज दुपारी हक्काने फोन लावू लागली.

एके दिवशी, तिचा फोन होऊन फार वेळ झाला नव्हता, तो लाल रंग हिरवा झाला. खोलीत टाळ्या पडल्या. "सुटली एकदाची!" साहेब चहाचा कप घेऊन बघायला आले. मीही हसले.

हॅलोबाई उठून उभी राहिली होती. चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. "एक दाबलंय त्याने," ती म्हणाली. टाळ्या तिथेच थांबल्या. पिशवी, चपला सगळं तसंच टाकून ती धावली. एका मेकॅनिकने तिला स्कूटरवर घातलं आणि दोघं गेली.

तिच्या पडद्याने विचारलं, "आपण जागेवर आहात का?" मी वाकून हो दाबलं. थोड्या वेळाने परत विचारलं. परत दाबलं. सारी दुपार मी अशी वाकत होते. खांदा भरून आला, पण कुणाची हजेरी लावणार नाही म्हणाले होते, त्याची कुणी आठवण करून दिली नाही, आणि दिली असती तर मी ऐकून घेतली नसती.

संध्याकाळ होता होता तिच्या कॉम्प्युटरवर फोन आला. नंबर तिच्या घरचा. मी तिचा हेडफोन डोक्यावर चढवला. "हॅलो! काय झालं?"

पलीकडे नुसते हुंदके.

"अगं बोल ना बाई! जीव घेतेस का?"

टक.

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. मग पुन्हा एक, जरा अशक्त, पण स्वच्छ. टक.

तो खुर्चीवरून घसरला होता, फोनसकट; यंत्राचा फोन आला तेव्हा पडल्यापडल्याच त्याने एक दाबलं होतं. मेकॅनिकने त्याला उचलून पलंगावर घेतलं, डॉक्टर येऊन गेले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी मी नाक पुसत पडद्याकडे बघत होते. पडदा विचारत होता, "ही तक्रार मिटलेली आहे. पुन्हा उघडायची का?"

उद्या दुपारी तिला घरी फोन लावायचा होता. मी हो दाबलं.